सुईच्या बदल्यात सुई

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २०२१ सालासाठी दिलेले दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. देशातील प्रौढ लोकसंख्येत एचआयव्हीच्या लागणीचे प्रमाण ०.२१ टक्के होते. आणि अमली द्रव्ये सुईने टोचून घेणाऱ्या माणसांत तेच प्रमाण ९.०३ टक्के होते. म्हणजे चाळीसपटींहून अधिक! २०१७ साली हा दुसरा आकडा ६.२६ होता. पाहणीची केंद्रे दर वेळी तीच नसतात, म्हणून ह्या दोन सालांची नुसती वजाबाकी करून रोग अमुक इतका वाढला असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि तो हटलेला नाही, एवढे म्हणावयास कोणाचीही हरकत नसावी. देशातील एकंदर साथ ओसरत असताना ह्या एका गटात ती ठाण मांडून बसली आहे. आणि ह्याच गटासाठी गेली सुमारे तीन दशके देशाच्या कोणत्या ना कोणत्या भागात एक विशेष योजना चालू आहे. वापरलेली सुई आणून द्यावी आणि निर्जंतुक नवी सुई घेऊन जावी, अशी ही योजना. ती फळाला आली की फसली, हा प्रश्न आज विचारावयासच हवा. परंतु तो विचारताना हातात माप कोणते घ्यावयाचे, हे आधी ठरविले पाहिजे. कारण आमच्या मते ह्या विषयावरील बहुतेक वादंग चुकीच्या मापामुळे माजलेले आहे.

योजनेचे नाव ऐकताच सर्वसामान्य गृहस्थाच्या कपाळाला आठी पडते, आणि ते स्वाभाविक आहे. गर्दाच्या पायी ज्या मुलाने आईच्या अंगावरचा दागिना विकला, बापाची पुंजी उडविली, त्याच्या हातात सरकारने आपल्या खर्चाने सुई ठेवावी? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्याचाच हा प्रकार नव्हे काय? असा आक्षेप घेणारी माणसे दुष्ट नव्हेत आणि अडाणीही नव्हेत. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असतात. त्यांच्या शंकेला मागासलेपणाचे नाव देऊन ती झटकून टाकणे हा उद्धटपणा होईल. तिला सरळ उत्तर दिले पाहिजे, आणि सुदैवाने ते देता येण्याजोगे आहे.

प्रथम रोगाची वाट कोणती ते पाहू. टोचून झाल्यावर सुईत आणि सिरिंजमध्ये रक्ताचा सूक्ष्म अंश मागे राहतो. तीच सिरिंज दुसऱ्याने घेतली की हा अंश थेट त्याच्या रक्तवाहिनीत उतरतो. एचआयव्हीला माणसाकडून माणसाकडे जाण्यास ह्याहून सोपी वाट क्वचितच मिळते. आणि हिपॅटायटिस सी हा यकृताचा घात करणारा विषाणू तर त्याहून चिवट आहे. प्रयोगशाळेतील प्रयोगांत तो सिरिंजच्या आत ६३ दिवसांपर्यंत तग धरून राहिल्याचे आढळले आहे. आता माणूस दुसऱ्याची सुई का घेतो? हौसेने नव्हे. नशा उतरू लागली की अंग मोडून येते, पोटात कळा येतात, घाम फुटतो. आणि त्या क्षणी स्वतःची स्वच्छ सुई हाताशी नसते. औषधाच्या दुकानात त्याचा अवतार पाहूनच त्याला पिटाळलेले असते. आणि खिशात सुई ठेवली तर पोलीस पकडतील ही धास्ती असते. मग शेजारी बसलेल्या सोबत्याची सुई तो उचलतो. लागण घडते ती ह्या एका क्षणी. त्या क्षणी त्याच्या हाताशी स्वच्छ सुई असावी, एवढाच ह्या योजनेचा मूळ हेतू आहे.

आपल्याकडे हे काम सरकारच्या पैशाने स्वयंसेवी संस्था करतात. त्यांचे कार्यकर्ते, ज्यांत एके काळी स्वतः व्यसनाच्या खाईत पडलेली माणसेही असतात, पुलाखाली, रेल्वेच्या रुळांकडेला, ओसाड इमारतींत हिंडतात. नव्या सुया देतात, जुन्या सुया जाड डब्यात गोळा करतात. जखमा चिघळल्या असतील तर मलमपट्टी करतात, रक्ताच्या तपासणीला नेतात, आणि ज्याची तयारी असेल त्याला ब्युप्रेनॉर्फिन ह्या पर्यायी औषधाच्या केंद्रावर पोचवितात. जिभेखाली ठेवावयाची ही गोळी केंद्रातील माणसासमोर घ्यावयाची असते. ती घेतली की टोचून घेण्याची तडफड थांबते, आणि माणूस कामधंद्याला लागण्याच्या स्थितीत येतो.

आता मापाविषयी. व्यसन किती जणांचे सुटले, ह्या मापाने ही योजना मोजू गेल्यास ती फसली असेच कोणीही म्हणेल. पण व्यसन सोडविणे हे तिचे पहिले काम नव्हे. छत्रीने पाऊस थांबत नाही. म्हणून छत्री निरुपयोगी ठरत नाही. छत्रीची परीक्षा माणूस किती कोरडा राहिला ह्यावरून घ्यावयाची असते. उलट पक्षी, सरकारी अहवालांत वाटलेल्या सुयांचे जे मोठमोठे आकडे झळकतात, तेही खरे माप नव्हे. किती सुया वाटल्या ह्याला अर्थ येतो तो किती सुया लागत होत्या हे शेजारी मांडल्यावर. खरे माप एकच: जी लागण झाली असती आणि झाली नाही, ती किती? हे माप हाताळावयास अवघड आहे हे आम्ही जाणतो. न घडलेल्या गोष्टीची गणती करणे सोपे नसते. पण सार्वजनिक आरोग्याच्या सर्वच कामांना, देवीच्या लसीपासून शुद्ध पाण्याच्या नळापर्यंत, हेच माप लावावे लागते.

ह्या मापाने जगाचा अनुभव काय सांगतो? सुईच्या बदल्यात सुई देण्याची पद्धत प्रथम सुरू झाली ती हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम शहरात, १९८४ साली. आणि तिच्या मागे व्यसनी लोकांच्याच एका संघटनेचा आग्रह होता. तेव्हा भीती हिपॅटायटिस बीची होती. एड्सचे संकट नंतर उभे राहिले. स्कॉटलंडमधील एडिंबरा शहराने उलट मार्ग धरला होता. तेथे सुया मिळणेच दुरापास्त करण्याचे धोरण होते. परिणाम १९८६ साली प्रसिद्ध झाला. तेथील एका दवाखान्यात येणाऱ्या १६४ व्यसनी रुग्णांची तपासणी केली असता त्यांतील ५१ टक्क्यांना एचआयव्हीची लागण झाल्याचे निष्पन्न झाले! सुया दुर्मिळ केल्याने नशा थांबली नाही. एकेक सुई अनेकांच्या हातांतून फिरू लागली, एवढेच झाले. ब्रिटिश सरकारने १९८७ साली सुया देणारी प्रायोगिक केंद्रे उघडली, आणि १९८८ साली त्याच्या सल्लागार मंडळाने स्पष्ट बजावले की, अमली द्रव्यांपेक्षा एचआयव्हीचा प्रसार हा समाजाला अधिक मोठा धोका आहे. त्या वेळी पंतप्रधानपदी मार्गारेट थॅचर होत्या. त्यांना व्यसनाचा पुळका होता, असा आरोप त्यांच्या कट्टर वैऱ्यांनीही केला नसता!

न्यूयॉर्क शहरात १९९२ साली ह्या योजनेला कायद्याची मान्यता मिळाली. पुढील दहा वर्षांत तेथे दर साली दिल्या जाणाऱ्या सिरिंजांची संख्या अडीच लाखांवरून तीस लाखांवर गेली. आणि सुईने नशा करणाऱ्या दर शंभर जणांमागे वर्षाला साडेतीन जणांना होणारी नवी लागण एकाच्याही खाली उतरली. १९९७ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात जगातील ८१ शहरांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या २९ शहरांत ही योजना होती तेथे लागणीचे प्रमाण दर साली सरासरी ५.८ टक्क्यांनी घटत होते. ज्या ५२ शहरांत ती नव्हती तेथे ते ५.९ टक्क्यांनी वाढत होते. ऑस्ट्रेलियात २००० ते २००९ ह्या काळाचा हिशेब मांडला गेला. त्या दहा वर्षांत ह्या योजनेमुळे एचआयव्हीच्या ३२,०५० आणि हिपॅटायटिस सीच्या ९६,६६७ लागणी टळल्या, आणि खर्चिलेल्या प्रत्येक डॉलरमागे उपचारांवरचे चार डॉलरांहून अधिक वाचले, असा अंदाज त्यात निघाला. आपल्याकडेही हे गणित वेगळे असण्याचे कारण नाही. एका सुईची किंमत काही रुपये असते. आणि लागण झालेल्या माणसाला एचआयव्हीची औषधे जन्मभर पुरवावी लागतात. २००४ सालापासून ती सरकार मोफत देते, म्हणजे त्यांचा पैसा करदात्याच्याच खिशातून जातो.

तथापि एका बाजूचाच पुरावा मांडून निकाल लावणे हे वकिलाचे काम झाले, न्यायाधीशाचे नव्हे. दुसरी बाजूही आहे. १९९७ साली कॅनडातील दोन शहरांतून विपरीत वार्ता आल्या. माँट्रियलमध्ये सुया घेण्यास येणाऱ्यांतच नवी लागण अधिक आढळली. व्हँकुव्हरमध्ये ही योजना १९८८ पासून चालू होती, तरीही तेथे साथ भडकली. सुईने नशा करणाऱ्यांपैकी २३ टक्के लोक लागण झालेले निघाले. योजनेच्या विरोधकांना हा मोठाच आधार मिळाला. परंतु पुढे अधिक बारकाईने पाहिल्यावर दोन गोष्टी उघड झाल्या. एक ही की, अशा केंद्रांवर येतात ते मुळातच सर्वांत अधिक धोक्यात असलेले लोक. घरी असलेल्यांपेक्षा इस्पितळात असलेल्यांत मृत्यू अधिक होतात, म्हणून इस्पितळानेच माणसे मारली असे कोणी म्हणत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. व्हँकुव्हरमध्ये कोकेन टोचून घेण्याची लाट आली होती. कोकेनची नशा लवकर उतरते, म्हणून माणूस दिवसातून कितीतरी वेळा टोचून घेतो; आणि केंद्रे मात्र मोजून मापून, जुन्या सुईमागे एक नवी, अशा हिशेबाने सुया देत होती. पुरवठ्यावरील हे निर्बंध नंतर सैल केले, केंद्रे वाढविली, तेव्हा सुया वाटून घेण्याचे प्रमाण आणि लागण दोन्ही घटली. म्हणजे दोष औषधाचा नव्हता, अपुऱ्या मात्रेचा होता.

हिपॅटायटिस सीच्या बाबतीतही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. २०१७ साली झालेल्या कोक्रेन समीक्षेत असे दिसले की, पर्यायी औषध चालू असलेल्यांत ह्या रोगाची नवी लागण निम्म्याने कमी होते. त्याला भरपूर सुयांची जोड मिळाली तर ती ७४ टक्क्यांनी कमी होते. नुसत्या सुयांच्या परिणामाचा पुरावा मात्र युरोपाबाहेर तितकासा भक्कम नाही. आणि मिळालेले यश कायमचे पदरात पडते असेही नाही. ग्लासगो शहर व त्याच्या परिसरात सुया आणि पर्यायी औषध दोन्ही उपलब्ध असताना, २०११ ते २०१८ ह्या काळात सुईने नशा करणाऱ्यांतील एचआयव्हीचे प्रमाण ०.१ टक्क्यावरून ४.८ टक्क्यांवर गेले. बेघर झालेली, तुरुंगात जाऊन-येऊन असलेली आणि कोकेनकडे वळलेली माणसे ह्या साथीच्या मुखी पडली. तेव्हा सुई ही जादूची कांडी आहे असा दावा कोणी करू नये. आमचे म्हणणे एवढेच की, ती एकटी पुरेशी नाही. पण तिच्यावाचून बाकीचे सारे उपाय लुळे आहेत.

राहिला मूळ आक्षेप: सुया दिल्याने व्यसन वाढेल. ही भीती रास्त असली तरी अनुभवाने ती खोटी ठरविली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली तोवरचा सारा पुरावा तपासला. व्यसन वाढल्याचा किंवा अन्य गंभीर दुष्परिणाम झाल्याचा विश्वसनीय पुरावा तिला आढळला नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात केंद्र उघडल्यावर रस्त्यात फेकलेल्या सुयांची संख्या वाढली नाही. सिॲटल शहरातील अभ्यासात तर केंद्रावर नव्याने येऊ लागलेली माणसे, न येणाऱ्यांच्या तुलनेत, व्यसनमुक्तीच्या उपचारांकडे वळण्याची शक्यता पाचपट आढळली. ह्यात नवल ते काय? ज्या माणसाशी वर्षानुवर्षे कोणी नीट बोललेले नाही, त्याच्याशी सुईच्या निमित्ताने आठवड्यातून एकदा तरी कोणी दोन शब्द बोलतो. सुधारण्याची वाट सुरू होते ती तेथे.

महाराष्ट्राला तरी हा वाद नवा वाटू नये. र. धों. कर्वे ह्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले, तेव्हा साधने दिली की अनाचार बोकाळेल, हीच हाकाटी झाली होती. त्यांच्यावर खटले झाले, समाजाने त्यांना वाळीत टाकल्यासारखे वागविले. १९५३ साली ते वारले. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९५२ साली, स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता. माणसाच्या वर्तनावर नैतिक निकाल देणे आणि त्याच्या शरीराचे रोगापासून रक्षण करणे ही दोन कामे वेगळी आहेत. पहिल्यासाठी दुसरे अडवून धरू नये, हा धडा आपण एकदा शिकलेलो आहोत.

तो धडा न शिकल्यास काय होते, ह्याचे उदाहरण अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील स्कॉट परगण्याने दिले आहे. तेथील ऑस्टिन हे जेमतेम चार हजार वस्तीचे गाव. राज्याच्या कायद्याने सुया देण्याला बंदी होती. २०१५ साली तेथे वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचून घेणाऱ्यांत एचआयव्हीची साथ फुटली आणि दोनशेहून अधिक माणसे तीत सापडली. तेव्हाचे राज्यपाल, आणि पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झालेले माइक पेन्स, ह्या योजनेच्या विरुद्ध मताचे होते. परंतु मार्च २०१५ मध्ये त्यांना सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर करून सुया देण्याची परवानगी द्यावी लागली. तपासणी, औषधे आणि सुया ह्यांच्या जोरावर साथ आटोक्यात आली. आणि मग? २०२१ साली त्याच परगण्याच्या कारभाऱ्यांनी ती योजना बंद करण्याचा ठराव बहुमताने संमत केला! ताप उतरला म्हणून वैद्यालाच घराबाहेर काढण्याचा हा मासला आहे.

आपल्या देशात ह्या प्रश्नाचे भयाण रूप प्रथम मणिपुराने पाहिले. ब्रह्मदेशच्या सीमेवरून येणारे हेरॉइन तेथे 'नंबर चार' ह्या नावाने सहज मिळत असे. १९८९ सालच्या सप्टेंबरपर्यंत तेथील सुईने नशा करणाऱ्यांच्या रक्तात एचआयव्ही सापडला नव्हता. त्यानंतरच्या काही महिन्यांतच निम्मे लोक लागण झालेले निघाले. एवढ्या वेगाने पसरलेल्या साथी जगात थोड्याच असतील. नव्वदच्या दशकाच्या मध्यास चुराचांदपूरसारख्या ठिकाणी स्वयंसेवी संस्थांनी सुया देण्यास आरंभ केला आणि १९९६ साली राज्य सरकारने आपल्या एड्सविषयक धोरणात हा मार्ग स्वीकारला. २००७ च्या सुमारास लागणीचे प्रमाण एक-पंचमांशाच्या आसपास आले होते. हे सारे श्रेय सुयांना देणे मात्र सत्याला सोडून होईल. लागण झालेली असंख्य तरुण मुले दरम्यान मरून गेली. आणि जो मरतो तो पाहणीच्या टक्केवारीतूनही नाहीसा होतो. त्यांच्या मागे राहिलेल्यांची कथा तर टक्केवारीत कधीच नीट उतरली नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या मणिपुरातील एका अभ्यासात, लागण झालेल्या व्यसनी पुरुषांच्या पत्नींपैकी ४५ टक्के स्त्रियांना लागण झाल्याचे आढळले. त्या बिचाऱ्यांनी आयुष्यात कधी सुई टोचून घेतली नव्हती! व्यसनी माणसाला त्याच्या कर्माची फळे भोगू द्यावीत असे म्हणणाऱ्यांनी ह्या आकड्यापाशी क्षणभर थांबावे.

कागदावर पाहिले तर भारताचे धोरण आज पुष्कळ देशांपेक्षा प्रगत आहे. २०१७ साली संसदेने एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम संमत केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. त्याच्या २२ व्या कलमात, केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लागणीचा धोका कमी करण्यासाठी केलेली कृती गुन्हा ठरणार नाही असे म्हटले आहे. एवढेच नव्हे, तर त्याच कलमाखाली उदाहरणादाखल हीच परिस्थिती दिली आहे: कार्यकर्त्याने व्यसनी माणसाला वापरलेल्या सुईच्या बदल्यात स्वच्छ सुई दिली, तर देणारा आणि घेणारा दोघेही दोषी नव्हेत. कायद्याने ह्याहून स्पष्ट काय बोलावे?

परंतु कायदे दोन आहेत. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याचे २७ वे कलम नशा करणे हाच गुन्हा मानते आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद सांगते. रात्री पुलाखाली गस्तीवर असलेल्या शिपायाला हा जुना कायदा पाठ असतो. नव्या कायद्याचे २२ वे कलम त्याला कोणी सांगितलेले असते काय? वापरलेली सुई परत आणावी अशी योजनेची अट. आणि तीच सुई खिशात सापडली तर ती आपल्याविरुद्ध पुरावा होईल, ही व्यसनी माणसाची भीती. अशा स्थितीत तो सुई परत न आणता गटारात फेकतो, आणि मग आम्हीच तक्रार करतो की सुया रस्त्यात पडलेल्या असतात! १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी गोऱ्या सोजिरांच्या झडत्यांनी काय झाले हे महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. जबरदस्तीच्या धास्तीने लोकांनी घरातले रोगी माळ्यावर आणि अडगळीत लपविले. भीतीने रोगी लपतात, रोग लपत नाही.

दुसरी उणीव मात्रेची. २०१७ साली 'लॅन्सेट'च्या जागतिक आरोग्यविषयक नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, साऱ्या जगाची सरासरी काढली तर सुईने नशा करणाऱ्या एका माणसाला वर्षाकाठी ३३ सुया मिळत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने किमान २०० सुयांचे उद्दिष्ट सांगितले होते, आणि हिपॅटायटिसच्या निर्मूलनासाठी ते पुढे ३०० वर नेले. दिवसातून दोनदा टोचून घेणाऱ्याला वर्षाला सातशेहून अधिक सुया लागतात. ३३ सुया म्हणजे अकरा दिवसांत एक! इतक्या अपुऱ्या पुरवठ्यावरून योजनेला नापास करणे म्हणजे चार थेंब पाणी टाकून पाण्याने आग विझत नाही असा सिद्धान्त मांडण्यासारखे आहे. आपल्या देशाच्या योजनेचा न्याय करावयाचा तर हाच हिशेब जिल्ह्याजिल्ह्यांतून मांडला गेला पाहिजे.

हा प्रश्न ईशान्येकडचा किंवा पंजाबचा, आपला नव्हे, अशी समजूत करून घेण्यात अर्थ नाही. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की, देशात सुईने नशा करणारे सुमारे साडेआठ लाख लोक आहेत; त्यांपैकी सुमारे ३६ हजार महाराष्ट्रात आहेत. त्याच पाहणीत मणिपुराचा अंदाज ३४ हजारांचा आहे. मणिपूर राज्य लहान, म्हणून तेथील प्रमाण भयंकर हे खरे; पण माणसांची संख्या मोजली तर आपण मागे नाही. महाराष्ट्राने व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात मोलाचे काम केले आहे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ सालापासून उभे आहे, आणि तेथून बरे होऊन गेलेल्या माणसांचे संसार पुन्हा सावरले आहेत. अशा संस्थांचे काम आणि सुया देण्याचे काम ह्यांत विरोध आहे असे जे मानले जाते ते साफ चूक आहे. मुक्तांगणाच्या दारापर्यंत चालत जाण्यासाठी माणूस आधी जिवंत असावयास हवा. आज ज्याची सुटण्याची तयारी नाही त्याची ती उद्या, परवा, पाच वर्षांनी होईल. त्या पाच वर्षांत त्याच्या रक्तात जन्माचा रोग शिरू नये, एवढ्यासाठी सुई आहे.

म्हणून शासनाकडे आमची मागणी चार गोष्टींची आहे. पहिली: वाटलेल्या सुयांच्या बेरजा प्रसिद्ध करण्याऐवजी दर जिल्ह्यात दर माणशी वर्षाला किती सुया पोचल्या आणि नव्या लागणी किती झाल्या, हे दोन आकडे दर वर्षी लोकांपुढे मांडावेत. दुसरी: सुई परत आणल्याखेरीज नवी सुई नाही, असा कारकुनी हट्ट कोठे धरला जात असेल तर तो सोडावा. जुनी सुई परत यावीच. पण ती आली नाही म्हणून माणसाला दुसऱ्याची सुई उचलावयास लावू नये. तिसरी: जेथे सुई तेथे ब्युप्रेनॉर्फिन, आणि तेथेच एचआयव्ही व हिपॅटायटिस सी ह्यांची तपासणी व उपचार, अशी एकत्र व्यवस्था असावी. हिपॅटायटिस सीचे औषध २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळते; ते ह्या माणसाला चार कार्यालयांचे उंबरठे झिजविल्याशिवाय मिळाले पाहिजे. आणि चौथी: २०१७ च्या कायद्याचे २२ वे कलम मराठीत छापून प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावावे, व ह्या कामातील कार्यकर्त्याला अडविणाऱ्याकडून जाब घ्यावा.

ह्या मागण्यांत व्यसनाचे लाड नाहीत. अमली द्रव्यांचा व्यापार करणाऱ्यांवर कायद्याचा बडगा जेवढ्या जोराने हाणता येईल तेवढा हाणावा. त्याआड आम्ही येणार नाही. पण व्यापारी आणि त्याचे गिऱ्हाईक, गुन्हेगार आणि रोगी, ह्यांतील फरक ओळखण्याइतकी बुद्धी समाजाने शाबूत ठेवली पाहिजे. पुलाखाली बसलेला तो तरुण कोणाचा तरी मुलगा आहे, कोणाचा नवरा आहे, कोणाचा बाप आहे. आणि त्याच्या रक्तात शिरलेला रोग त्याच्यापाशी थांबत नाही, तो उंबरठा ओलांडून घरात जातो. हे ज्यांना पटत नाही त्यांनी दया बाजूला ठेवावी आणि नुसता हिशेब करावा. एका बाजूला काही रुपयांची सुई आहे, दुसऱ्या बाजूला एका घराचा जन्मभराचा रोग. ह्या हिशेबात आपण आजवर सुईच्या बाजूलाच काटकसर करीत आलो आहोत. ती थांबली पाहिजे.